मागच्या खोलीतला मार

ये गं, सरक इकडं. अशी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. कागदावरच बसवतेय तुला, खरी तू कुठं येतेस! परवा फोनवर खिदळत सांगितलंस, "आजी, आज एका बाईनं माझे केसच धरले. मंग काय, लोराझेपामचं इंजेक्शन दिलं, पंधरा-वीस मिनिटांत गार! मी निवांत जेवायला गेले." तुझी आई बाजूला उभी होती म्हणून जपून बोलले, नाहीतर फोनमधून हात घालून कान धरला असता तुझा. गार म्हणजे काय गं? माणूस आहे का पिठलं? ती गार झाल्यावर तिच्याजवळ कोण होतं, असं मी विचारलं तर म्हणालीस, "आजी, तुमच्या काळासारखं नसतंय आता." नसेल बाई. तुझी औषधं नवी असतील, चांगली असतील. पण झोपेचं औषध दिलेलं माणूस एकटं टाकून जायचं नसतं, ते काही काळावर नसतं. मला हे कसं कळलं ते आज लिहूनच काढते. चांगलं नाही ते. माझ्याबद्दल तर बिलकुल चांगलं नाही. तरी वाच.

मी काही तुझ्यासारखी शिकलेली नर्स नव्हते, तुला ठाऊक आहे. कापसाच्या जिनिंगमधली मजुरी सोडून दवाखान्यात आया म्हणून लागले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. अंगठा उमटवून लागले. अक्षरं शिकले ती औषधाच्या बाटल्यांवरून. त्यामुळं मला आधी उर्दू वाचता आलं, मंग थोडं इंग्रजी, आणि मराठी सगळ्यात शेवटी. अजून माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, हसू नको.

जालन्यात वेड्यांचा वेगळा दवाखाना नव्हता. हैदराबादला होता म्हणायचे, पण तिथवर कोण नेतंय? आमच्या साध्याच दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डाच्या मागं एक खोली होती. दगडी फरशी, गजांची खिडकी, भिंतीत एक लोखंडी कडी. कधीकाळी तिथं घोडा बांधत असतील. अंगावर येणारा पेशंट आला की त्याला तिथं ठेवायचं. वॉर्डात दोन गडी होते. दोघंही तशी देवमाणसं, घरी लेकरांना खांद्यावर घेऊन फिरायचे. पण त्या खोलीत शिरले की पंचा ओला करून त्याला गाठ मारायचे. ओल्या पंचाचा मार वर दिसत नाही, नुसता आत बसतो. मार हेच तिथलं पहिलं औषध होतं. पहिले काही दिवस मी पदरात तोंड घालून बाहेर जायचे. मंग जायचं थांबले. मंग पंचा मीच भिजवून द्यायला लागले. लिहितेय ते खरं लिहितेय.

पुढं आमच्याकडं एक सिस्टर आली. केरळातून आलेली, बुटकी, सावळी, सदा घाईत. तिचं मराठी असं की बाईला 'तो' आणि बाप्याला 'ती'. आल्या आल्या तिनं ते दोन्ही पंचे चुलीत घातले.

"पेशंटला मारला तर मी पोलीस बोलावणार," म्हणाली.

गडी हसले. "सिस्टरबाई, एकदा चावू द्या तुम्हाला, मंग बोला."

तिनं बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे व्रण. "सात वेळा चावला. मी एकदा पण नाही मारला."

तिचा एक नियम होता. झोपेचं औषध दिलं की तास-दीड तास एक माणूस पेशंटच्या शेजारी बसलाच पाहिजे. पेशंट कुशीवर, तोंड थोडं खाली कललेलं, म्हणजे ओकारी आली तरी घशात जाणार नाही. नखांचा रंग बघायचा आणि श्वास मोजायचे. माझ्याकडं घड्याळ कुठलं? मोजणंही धड येत नव्हतं. तर ती म्हणाली, "तुझा श्वास, त्याचा श्वास. बराबर चालला पाहिजे. तू दोन घेतला आणि त्यानं एक, तर मला हाक मार. तू तीन घेतला आणि त्यानं एक, तर हाक नको, पळत ये."

तर ते उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळची गर्दी ओसरली होती आणि वाटूरच्या बाजूनं एक बैलगाडी आमच्या फाटकाशी येऊन थांबली. गाडीत कडब्यावर एक बाई बांधलेली. विशी-बाविशीची असेल. हात मागं बैलाच्या दाव्यानं बांधलेले, पाय बांधलेले. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, फुटलेल्या बांगडीचा तुकडा मनगटात तसाच रुतून बसलेला. गाडी हाकत होता तो तिचा मोठा दीर. खाली उतरला आणि दाव्याला धरून त्यानं तिला एखादं पोतं ओढावं तशी ओढली. ती तोंडावर खडीत पडली. मागून तिची आई उतरली, वाळकी, पन्नाशीची, आणि गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली. तिच्याकडं कुणी बघितलंच नाही.

दीर डॉक्टरांना म्हणाला, "माझ्या मायच्या डोक्यात वरवंटा घातला हिनं, साहेब. हिचं लेकरू गेलं बाळंतपणात, महिना झाला. तवापासून असंच करून राह्यली. घरातले तिघं फोडले. आता तुमीच बघा, न्हाईतर मी हिला हिरीत ढकलतो."

डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही औषध दिलं का?"

"औषध बिलकुल न्हाई. अंगारा लावला, धुरी दिली, बांधून ठेवली. औषध कसलंच न्हाई."

डॉक्टरांनी चाकापाशी उभ्या म्हातारीकडंही बघितलं. तिनंही मान हलवली. न्हाई.

खोलीत नेऊन दावं सोडलं आणि पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवतंय तोवर झालं. तिनं आधी स्वतःचं कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटायच्या आत एक गडी धावला तर तिनं त्याच्या तोंडावर गुडघा मारला, त्याच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. दुसऱ्यानं मागून कव घातली. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं माझ्या दंडात दात रोवले. रोवले म्हणजे सोडेचना. मांस तुटल्याचा आवाज येतो गं, मी ऐकलाय तो. मी किंचाळले. नाक फुटलेल्या गड्यानं तिच्या पोटात लाथ घातली, महिन्याच्या बाळंतिणीच्या. सिस्टर ओरडली, "पाय नाही! पाय नाही मारायचा!" आणि स्वतः तिच्या अंगावर आडवी पडली. फरशीवर रक्त, त्यात आमचे सगळ्यांचे पाय घसरतायत, आणि डॉक्टर हातात काचेची मोठी पिचकारी घेऊन जागा शोधतायत. पॅराल्डिहाइड होतं त्यात, तेव्हाचं झोपेचं औषध. त्याचा वास आंबलेल्या फळासारखा, डोक्यात जाणारा. ते मांडीत टोचलं. मंग आम्ही चौघं तिला दाबून बसलो. तिच्या शिव्या हळूहळू जड झाल्या, मुठी सैल पडल्या, आणि ती झोपली.

इतक्यात बाळंतिणींच्या वॉर्डातून हाक आली, एकीचं मूल आडवं आलं होतं. डॉक्टर आणि सिस्टर तिकडं धावले. गडी नाक धरून बाहेर गेला, दुसरा त्याला घेऊन गेला. जाता जाता सिस्टर मला म्हणाली, "तू बस. तो झोपला म्हणजे बरा झाला नाही."

खोलीत ती आणि मी. माझ्या दंडातून रक्त कोपरावरून बोटांवर येऊन टपटपत होतं. ती उताणी पडली होती, शांत, तोंडाला माझंच रक्त लागलेलं. आणि मी, पोरी, मी तिच्या थोबाडीत मारली. झोपलेल्या बाईच्या. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तिचं डोकं फरशीवर वळलं आणि तसंच राहिलं. मंग मी उठले, बाहेरच्या नळावर गेले, हात धुतला, चिंधी बांधली. तिला कुशीवर केलं नव्हतं. आडोशाला गडी बसले होते त्यांच्याजवळ जाऊन मीही बसले. कोण किती फुटलं, कुणाला किती लागलं, हेच बोलत होतो. "कैदाशीण हाये," एक म्हणाला. मी म्हणाले, "निजू दे आता. सुटलो." नेमकं तू परवा जे म्हणालीस ते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. परत आले ते माझी वहाण तिथं राहिली होती म्हणून आले. तिच्यासाठी नाही.

तिच्या घशातून घरघर येत होती. मी वाकले. माझा श्वास आत, बाहेर. तिचा नाही. माझा परत आत, बाहेर. तिचा नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आणि मंग तिच्या छातीनं एक उचकी दिल्यासारखा श्वास घेतला. मला वाटलं मीच घाबरून भरभर घेतेय. तोंड दाबून धरलं, सावकाश घेतला. तरी चारास एक. ओठ जांभळाच्या रंगाचे. मी तिचा सुजलेला नव्हता तो डोळा उघडला. आतली काळी बाहुली एवढीशी, मोहरीच्या दाण्याएवढी.

अशी बाहुली मी बघितलेली होती. जिनिंगमध्ये आम्ही बाया तान्ही लेकरं झोळीत टाकून कामाला जायचो. लेकरू रडलं की मुकादम हाकलून देई, म्हणून सकाळी त्याला अफूची चिमटी चाटवायची. सगळ्याच चाटवायच्या, मीही. एकदा शेजारणीच्या पोराला जास्त झाली. त्याचे डोळे असेच झाले होते आणि ते संध्याकाळपर्यंतही राहिलं नाही.

"सिस्टर!" म्हणून मी जे ओरडले ते माझं मलाच ओळखू आलं नाही. सिस्टर आली, तिनं तिला कुशीवर लोटलं, जीभ ओढून धरली, माझ्याकडं बघितलं. उताणी का होती, एवढंही विचारलं नाही. डॉक्टर आले. मी म्हणाले, "साहेब, हिच्या पोटात अफू हाये." ते म्हणाले, "किती? कधी दिली? जा, विचारून ये, लौकर!"

म्हातारी लिंबाखाली बसली होती. दीर दोन हात अंतरावर विडी ओढत होता.

"माय, पोरीला अफू दिली?"

तिनं दिराकडं बघितलं. "न्हाई बाई. म्या न्हाई."

"ती मरून राह्यली आत! दिली का न्हाई?"

"न्हाई."

मी तिला दंडाला धरून उभी केली आणि गदागदा हलवली. तरी न्हाई. मंग त्या दिवशी दुसऱ्यांदा माझा हात उठला. म्हातारीच्या तोंडावर. आईच्या वयाची बाई. ती खाली बसली आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठीत गुळाचा खडा आणि त्यात उरलेली काळी अफू.

"हरभऱ्याएवढी दिल्ती," ती म्हणाली. "पहाटं एकदा दिल्ती, आन् इथं फाटकापाशी एकदा. ती वरडली की हा मारायचा. रस्ताभर मारत आला. गुळातून दिली की ती निजायची, मंग मार थांबायचा. इथं दहा लोकांत मारंल म्हणून परत दिली."

"डॉक्टरांनी विचारलं तवा का नाही सांगितलं?"

"त्यांनी औषध इचारलं. अफू का औषध असतंय? ती तर आमी लेकरालाबी देतो."

खोटं बोलत नव्हती गं ती. तिच्या घरात मीठ होतं तशी अफू होती. औषध म्हणजे बाटलीतलं, दवाखान्यातलं. डॉक्टरांचा प्रश्न बराबर होता, तिचं उत्तरही बराबर होतं, आणि दोन्हींच्या मधून तिची पोर चालली होती.

दिरानं सगळं ऐकलं. विडी टाकली, गाडीवरचा चाबूक उचलला. "म्हंजे तू मारलीस तिला! आन् पोलीस मला धरतील व्हय गं, थेरडे?" पहिला फटका तिच्या पाठीवर बसला, दुसरा मी मधे पडले म्हणून माझ्या मनगटावर. हाड झणझणलं. तिसऱ्याला त्यानं हात उगारला तोवर सिस्टर माझी वाट बघून बाहेर आली होती. पोट धुवायला घेतलेलं एनॅमलचं घमेलं हातात होतं. तिनं ते दोन्ही हातांनी त्याच्या कपाळावर घातलं. टण्! गडी बाहेर आला होता तो बघतच राहिला.

"सिस्टरबाई, तुमी मारलं?"

"ती पेशंट नाही," सिस्टर म्हणाली, आणि मला ओढत आत नेलं.

पुढचं सगळं एका दमात झालं असं वाटतं, पण दिवेलागणीपर्यंत चाललं. डॉक्टरांनी नळी घालून लाल औषधाच्या पाण्यानं पोट धुतलं, परत धुतलं. सिस्टरनं आपल्या ट्रंकेतून कॉफीचा डबा आणला. आमच्याकडं तेव्हा कॉफी कुणी बघितली होती! तिच्या आईनं गावाहून दिलेली. एवढी कडू, काळी कॉफी उकळून नळीतून पोटात सोडली. श्वास थांबतोय असं झालं की तिचे दोन्ही हात डोक्यामागं न्यायचे आणि परत छातीवर आणून दाबायचे. न्यायचे, दाबायचे. ते काम त्या दोघा गड्यांनी केलं, आळीपाळीनं. नाक सुजलेला, तिला लाथ घालणारा तोच गडी घामानं निथळत होता आणि म्हणत होता, "घे की गं माय, घे की एक श्वास, घे." मला तळपायांवर मारायचं काम दिलं. जागं ठेवायला. ओल्या फडक्यानं, जोरात. सिस्टर म्हणायची, "अजून जोरात!" माझा हात उठत नव्हता. दुपारी इतका पटकन उठला होता तो.

म्हातारी दाराशी बसली होती. मारलेल्या गालावर माझी बोटं उमटली होती. पोरीनं श्वास घेतला की हिचाही खांदा वर व्हायचा.

सूर्य कलला तेव्हा माझे दोन, तिचा एक. कंदील आणला तेव्हा जवळजवळ बराबर. मी तोंड पुसायला खाली वाकले, आणि तिनं तो न सुजलेला डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं, आणि मुठीनं माझ्या तोंडावर अशी ठेवून दिली की माझा पुढचा दात तिथंच पडला. तुम्ही सगळे विचारता ना, आजीचा दात कसा गेला? पायरीवरून पडले म्हणत आले. पायरी नाही गं.

सिस्टर टाळ्या वाजवायला लागली. "मारला? जोरात मारला? देवा, चांगला झाला!" आणि मी तोंडातून रक्त गाळत हसत होते, रडत होते, दोन्ही.

दीर गाडी घेऊन कधी गेला कुणी बघितलं नाही. परत सासरचं कुणी आलं नाही. ती बरेच दिवस राहिली. पहिले काही दिवस आरडली, तिनं ओरबाडलं, पण तिला बांधलं नाही. सिस्टर थोडं थोडं औषध द्यायची, आणि मी शेजारी बसायचे. तिला कुशीवर करून. हळूहळू तिला लेकराचं आठवायला लागलं, आणि आठवलं की ती मारायच्या ऐवजी रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता माहेरी न्या.

तेव्हापासून मी कुणाच्याही घरच्यांना 'औषध दिलं का' असं विचारलं नाही. गुळातून काय दिलं? विड्यातून? दुधातून? लेकरं निजवायला घरात काय ठेवता? शेजारणीनं काय आणून दिलं? म्हातारीला एकटीला बाजूला नेऊन विचारायचं, बाप्यांच्या समोर नाही. गडी मला चिडवायचे, "आली फौजदारीण." म्हणू देत. तूही विचारत जा. तुझ्या पेशंटच्या पोटात दारू असेल, खोकल्याचं औषध असेल, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरची गोळी असेल, आणि त्यावर तुझं इंजेक्शन. तुझ्या मशीनला ते दिसत असेल तर चांगलंच आहे. मला मात्र विचारल्याशिवाय काही दिसलं नसतं.

ती निघाली त्या सकाळी मी तिची वेणी घातली. म्हातारी बोचकं बांधत होती. माझ्या पोटात इतके दिवस साचलं होतं, ते मी बोलून टाकलं. म्हणाले, "बाई, तू पहिल्या दिवशी निजली होतीस ना, तवा मी तुला मारलं. दोन थोबाडीत दिल्या. आन् तुला टाकून बाहेर जाऊन बसले."

ती आरशात बघत होती. फाटलेला ओठ भरून आला होता.

"समदेच मारतेत," म्हणाली. "तू सांगत कशाला बसलीस?"

रागानं नाही, खरंच विचारलं तिनं. ती आईच्या मागं फाटकातून गेली. आणि मी दिवसभर मनात उत्तरं जुळवत राहिले. एकही बरं नव्हतं. अजून नाही.

घरात हे कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांनाही नाही. लिहिताना मधेच हात थांबतो, सगळं उतरत नाही कागदावर. म्हातारीच्या गालाचं तर निम्मंही लिहिता आलं नाही. ते तोंडानंच सांगेन. रजा काढ आणि ये. दिवाळीची वाट बघू नको, तोवर कोण राहतंय कोण नाही. सकाळची गाडी धर, म्हणजे उन्हाच्या आत पोचशील. जल्दी ये गं.